मेंढराला हात लावायचं तिकीट

न्हाय न्हाय, तुमीच सांगा मला, इतकी जाणती मानसं बसलाय हितं, मेंढराला हात लावायला तिकीट असतं का कुठं? हत्तीवर बसायला आसंल, मान्य हाय, वाघाच्या पिंजऱ्यापुढं उभं ऱ्हायला आसंल, तेबी मान्य, वाघ काय रोज बांधावर येतोय व्हय? पन मेंढरू! काळंभोर, शेंबडं, लेंड्या टाकीत चाललेलं मेंढरू! त्याच्या पाठीवरनं हात फिरवायला दोन रुपयं! आन तेबी मागितलं कुनाला, तर काटेवाडीच्या झुंबरआबांना, ज्या मानसानं चाळीस वर्सं मेंढरामागं काढली, ज्याच्या धोतराचा वास आला म्हंजी कोकरं आईला सोडून माघारी फिरायची, त्याला! तुमाला सांगतो, त्या दिवशी त्या गेटावर काय झालं ते सगळं ऐका, मधी बोलू नगा, आन मग सांगा, आबांचं काय चुकलं.

गोष्ट सत्त्यान्नव सालच्या मे महिन्यातली. आबांचा पोरगा संदेश, चिंचवडला कंपनीत सुपरवायजर, त्यो, त्याची बायको संजीवनी आन सात वर्सांची लेक राजनंदिनी, अशी तिघं सुट्टीला वस्तीवर आलेली. पोरगी इंग्रजी शाळंत, लई चौकस, एकदा 'का' म्हनाली की तुमी थकाल, ती थकायची न्हाय. आन आबांचं कसं, नातीला मांडीवर घेतलं की मेंढरं! दुसरं बोलायला येतंय कुठं? दसरा झाला की कळप घेऊन घाट उतरून कोकनात, पावसाच्या तोंडाला माघारी, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांच्या जोडीला तुझा बाप बांधलेला, शेंबूड पुसायलाबी उतरवत न्हवतो... "तीनशे मेंढरं हुती बाळा, तीनशे! आन एकेकीला मी तोंडावरनं वळखायचो!" तर ही पोरगी काय म्हनली आसंल? डोळं बारीक केलं आन म्हनली, "आजोबा, तुम्ही खोटं बोलता."

"आँ? मी खोटं?"

"हो. बाबांनी शाळेच्या फॉर्मवर लिहिलंय, आजोबा बागायतदार. आणि तीनशे होत्या तर मग एक तरी दाखवा ना."

आता एक तरी दाखवायची कुठनं? अकरा वर्सांखाली मेंढरं इकली, चार एकर ऊस लावला, वस्तीवर ऱ्हायली एक जर्सी गाय आन एक कुत्रं, तेबी दिवसभर झोपलेलं. भाऊबंदांचं कळप आजून घाट चढून वर आलं न्हवतं. आबांनी भिताडाला टेकलेली काठी दाखवली, पोरगी म्हनली, ही तर काठीच आहे. घोंगडं दाखवलं, म्हनली, हे दुकानात मिळतं. शेवटाला आबांनी बायकूला, ठमाबाईला, साक्षीला बोलावलं, "अगं सांग की हिला, किती मेंढरं हुती आपली!" तर ठमाबाई चुलीपुढनं म्हनली, "माजी भाकर करपतीया, तुमच्या साक्षीपायी उटू व्हय?"

आबांच्या काळजाला लागलं, तुमाला सांगतो. गावानं खोटारडा म्हटलं असतं, तर आबांनी गावाला चार शिव्या हासडून विषय मिटवला असता, गावाला शिव्या द्यायची त्यास्नी सवय हुती. पन नात! तीनशे मेंढरांचा धनी सवताच्या नातीपुढं थापाड्या ठरला, आन हप्त्यानं ती जायची चिंचवडला, तितं मैतरनीस्नी सांगायची, आमचे आजोबा ना, थापा मारतात. दोन दिवस आबांना घास गोड लागला न्हाय.

मार्ग काढला संदेशनं. उजनीच्या पान्याकडंला, पळसदेवच्या अलीकडं, पुन्याच्या कुना मानसानं माळ इकत घेतलेला, त्याला कुंपन घालून आत ससं, बदकं, शेळ्या, दोन घोडी, एक उंट, चौदा मेंढरं आन एक कोकरू ठेवलेलं, 'प्राणीबाग' म्हनून मोठा फलक, शहरातली मानसं पोरंबाळं घेऊन यायची, हात लावायची, फोटू काढायची, जायची. संदेश म्हनला, "आबा, रविवारी तिकडं जाऊ. ती मेंढ्या बघेल, तुम्ही तिला सगळं समजावून सांगा, विषय संपला." आबांच्या अंगात अकरा वर्सांनी जीव आला! रविवारी दिवस उगवायच्या आत हातात लांब आकडी घेतली आन बांधावरच्या बाभळी झोडपायला लागलं. का? तर शेंगा! वाळक्या शेंगा! आवो, कुनाच्या मेंढरांत जायचं तर मोकळ्या हातानं जायचं न्हाय, पाव्हन्याच्या पोरांना खाऊ न्यावा तशा मेंढरांना शेंगा न्यायच्या, ही आपल्याकडची रीतच हाय. पोतंभर शेंगा झाल्या. पोतं जीपमधी संजीवनीच्या पायापाशी. ती बिचारी नवी साडी सावरीत म्हनली, "आबा, तिथं त्यांना खायला देत असतील ना?"

"देत आसत्याल की. पर आपन पाव्हनं हाय न्हवं?"

गेलं. भिगवनवरनं गेलं, पोरगी वाटंनं इचारतीय, मेंढी किती मोठी असते, मेंढी चावते का, मेंढीला राग येतो का, आन आबा छाती काढून सांगत्यात, "आता बघ की सवता! हात लावून बघ! मी एकेकीचं वय सांगतो का न्हाय बघ, नुसतं दात बघून!" आन जीप थांबली गेटापुढं.

गेटावर जोतीराम. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी, आन चेहरा आसा की कलेक्टर कचेरीच्या दारात उभा हाय. "थांबा! पोत्यात काय?"

"शेंगा."

जोतीरामानं मान वर केली, नजर पाटीवर नेली आन शाळंतल्या पोरावानी घडाघडा वाचलं, "बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई आहे."

"आरं ती मानसाच्या खान्याला मनाई. हे मेंढराचं हाय."

"कुनाचं ते लिव्हल्यालं न्हाय. मनाई हाय. आन तिकीट घ्या. आत जायचं मोठ्याला पाच, ल्हानग्याला दोन. हात लावायचं येगळं, दोन."

"कशाला हात लावायचं?"

"ससा, बदक, शेळी, मेंढरू. उंटाला हात लावायचा न्हाय, त्यो चावतोय."

आबा एक डाव जोतीरामाकडं बघत्यात, एक डाव संदेशकडं. "मेंढराला हात लावायला तिकीट?"

"व्हय. स्पर्श-तिकीट. पाटी दाखवू का?"

झालं! आबांच्या तळपायाची आग मस्तकाला! आवो, तुमीच सांगा, ह्या मानसाचा सगळा जन्म कशात गेला? मेंढरं रानात बसवन्यात. मेंढरं रातभर एखाद्याच्या रानात बसली की लेंड्यांनी, मुतानं रान खतवायचं, पुढच्या साली पीक कंबरंला लागायचं, आन त्यापायी रानमालक आबांना जोंधळं द्यायचा, पायलीनं मोजून, वर च्या पाजायचा, वर हात जोडायचा, आबा, आजून दोन दिवस बसवा की, पलीकडचा तुकडा ऱ्हायलाय! मोठमोठ्या बागायतदारांची मानसं आबांना हुडकीत माळावर यायची! आन हितं? हितं उलटी गंगा! आबा गेटातच ओरडलं, "आरं, मेंढराच्या पायी मी घेनारा मानूस हाय, देनारा न्हाय! चाळीस वर्सांत मेंढराखातर कुनापुढं खिसा उघडला न्हाय, आन तू मला हात लावायचं तिकीट फाडतूस?"

जोतीराम म्हनला, "मग हात लावू नगा. नुसतं बघा. पाच रुपयं."

"नुसतं बघू? मेंढराला? आन हात कुठं ठिऊ, खिशात?"

संदेश मधी पडला, बारीक आवाजात, कारन मागं रांग लागलेली, रांगंत पुन्या-मुंबईची मानसं, "आबा, अहो मी भरतो ना. प्रश्न पैशांचा नाहीये."

"तेच म्हंतो मी! परस्न पैशाचा न्हायच! पैशाचा असता तर फेकून मोकळा झालो असतो! तुमी जावा आत, पोरीला दावा. मी हितंच बसतो. पर तिकीट काढून मेंढराला हात लावला, तर झुंबर नाव लावनार न्हाय!"

आन बसलं की हो! गेटाबाह्यर, लिंबाच्या सावलीला, शेंगांचं पोतं मांडीशी घेऊन. ठमाबाई जाता जाता म्हनली, "बसा. उनाचं डोस्कं तरी गार हुईल." ती आत गेली. तिनं हात लावायचं तिकीट काढलं न्हाय, म्हनली, मला हात न्हाय लावायचा, जलमभर लावलाय.

आता कुंपनाचं सांगतो, बागंचं काय आन आतल्या वाडग्याचं काय, सारखंच. कंबरंएवढं, बांबूचं, रंग दिलेलं, आरपार दिसायचं. मेंढरं कोंडायचा वाडगा गेटाच्या जवळच. आबांना बसल्या जागी चौदाच्या चौदा दिसत हुती, आन दिसलं ते बघून जीव कासावीस. काय त्या मेंढरांची दशा केलेली! साबनानं धुतलेली. गळ्यात लाल फिती. एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात पाटी, 'रोझी'. रोझी! तोंडात चार दात ऱ्हायल्याली आजी ती, आन रोझी! खुरं वाढून वाकडी झाल्याली, कुनी छाटल्याली न्हाईत. आबा तिथनंच पुटपुटत्यात, "आरं आदी खुरं बघा की रं तिची, फीत काय बांधता..." आन वर ऱ्हाऊन ऱ्हाऊन मनात त्येच, मेंढराला हात लावायला तिकीट!

आत राजनंदिनीनं काय केलं? हातात तिकीट धरून मेंढरापाशी गेली, एक बोट पुढं केलं, मेंढरानं मान हालवली, बोट मागं. मग तिची नजर कुंपनावरच्या पाटीवर गेली. वाचायला यायचं न्हवं का! मोठ्यानं वाचलं, "मेंढी. पाळीव प्राणी. स्वभावाने भित्रा." आन पळत कुंपनापाशी आली. "आजोबा, आत या ना! मला दात बघून वय सांगा ना!"

"त्या गेटवाल्याला म्हनावं, बिगर तिकिटाचा सोड."

पोरगी गेटाकडं बघती, आबांकडं बघती, पाटीकडं बघती. डोक्यात काय चाललंय ते आबांना कळंना. मग तिनं कुंपनातनं तोंड घातलं आन हळूच, कुनाला ऐकू जाऊ नये म्हनून, समजूत घालायच्या सुरात म्हनली, "आजोबा, तुम्ही मेंढीला घाबरता का?"

"आँ?"

"घाबरू नका. इथं लिहिलंय, तीच भित्री असते."

ऐकलं का? झुंबरआबा, मेंढराला घाबरतो! ज्यानं घाटात लांडग्याच्या तोंडातनं कोकरू वढून काढलं, त्यो! पोरगी चिडवीत असती तर बरं झालं असतं, तिला दम देता आला असता, पन ती दया करीत हुती हो! तिच्या डोळ्यांत आबांना सगळं दिसलं, की हिला आता खरं उमगलंय आसं वाटतंय, आजोबांनी मेंढ्या कधी पाळल्याच नाहीत, आजोबा घाबरतात, म्हणून तिकिटाचं निमित्त करून बाहेर बसलेत. आता जाऊन तिकीट काढावं, तर नाव बुडालं. न्हाय काढावं, तर नात गेली. आबांच्या डोळ्यात पानी आलं, आन पानी आल्याचा राग आला, आन त्या रागात आबा उटलं.

उभं ऱ्हायलं. जीभ टाळूला लावली. आन हाळी दिली, "ट्रर्रर्र... हा हा हा..."

काय झालं आसंल? काय झालं न्हाय. अकरा वर्सं गळ्यातनं ती हाळी निघाली न्हवती, पयलीच फुसकी गेली. नुसत्या उंटानं वळून बघितलं. रांगंतला एक जन हसला. जोतीराम म्हनला, "आबा, शांतता राखा, पाटी हाय." पोरगी कुंपनापाशी तशीच उभी.

आबांनी खाकरा काढला, पोत्याचं तोंड सोडलं आन पोतं दोन्ही हातांनी हालवलं. बाभळीच्या वाळक्या शेंगा कशा वाजत्यात, ठाव हाय न्हवं? खुळखुळ खुळखुळ. मेंढरू पोटात असल्यापास्नं त्यो आवाज वळखतंय म्हना! आन त्याच्यावर आबांनी पोटातनं हाळी सोडली, "ट्रर्रर्रर्र! हा हा हा! ये ये ये ये, ट्रर्रर्र!"

रोझीनं कान टवकारलं. आवो, ती काय जन्माची रोझी हुती व्हय? कुन्या धनगराच्याच कळपातनं इकत आणल्याली, तिला ती बोली कळली. चार दात, वाकडी खुरं, पन वाडग्याच्या कुंपनावरनं उडी मारली! आन एक गेली की बाकीच्या थांबत्यात व्हय? दुसरी, तिसरी, चौथी, फिती फडफडत, पाट्या वाजत! पाचवीनं वाडग्याचं कुंपनच पाडलं, मग तर गेटापातूर वाट मोकळी. जोतीराम शिट्टी फुंकीत गेटात आडवा झाला, पाय फाकून, हात पसरून, "थांबा! थांबा! बाह्यर जायला मनाई..." एक मेंढी त्याच्या पायातनं गेली, दुसरी गेली, तिसरी जरा अंगानं भरल्याली, ती जोतीरामाला पाठीवर घेऊनच चार पावलं आली, आन त्यो शिट्टी वाजवीतच खाली बसला. आन मेंढरं आबांच्या भवती! धोतराला नाकं लावत्यात, पोत्यात तोंड घालत्यात, आबा त्यांच्या मधी कंबरंएवढ्या लोकरीत उभं, आन त्यांच्यामागनं गेटातनं कोन? तर पोरं! बागंतली झाडून सगळी पोरं किंकाळ्या फोडीत बाह्यर! तवा आबांनी दोन्ही हात वर केलं, "या रं पोरांनो! लावा हात, दोन्ही हातांनी लावा! गळ्यात पडा! मेंढराला हात लावायला तिकीट न्हाय!"

राजनंदिनी? ती आबांच्या पायापाशी. आबांनी रोझीचं तोंड उघडलं, "बघ, दात बघ. आठ वर्सांची हाय. आन ही दोन वर्सांची. आन हिच्या पोटात कोकरू हाय, हात लाव हितं, हालतंय का?" पोरीनं पुरा तळहात लावला. तिचं तोंड उघडं ते मिटंना.

आन ह्या गडबडीत काय झालं, एक कोकरू, चुकार, आईला सोडून निघालं सरळ सोलापूर रस्त्याकडं. ट्रक चाललेत, टँकर चाललेत, आन हे शेपूट उडवीत निघालंय! ठमाबाई ओरडली, "आवं त्ये गेलं की!" आबा मेंढरांत अडकलेलं, त्यास्नी पाऊल टाकता येईना. संदेशच्या हातात क्यामेरा, पायात पालिश केल्यालं बूट, बाजूला दोन पुन्याचं पाव्हनं, त्यांच्याशी आत्ताच ओळख झाल्याली, आमची बागायत आहे म्हनून सांगितल्यालं... त्यानं क्यामेरा संजीवनीच्या हातात कोंबला, दोन बोटं तोंडात घातली, आन अशी शीळ मारली, अशी मारली, आन वर "ट्रर्रर्र, हा हा हा, ब्येव ब्येव!" थेट कोकराच्या आईच्या आवाजात! कोकरू जागच्या जागी थांबलं, वळलं आन धावत माघारी. संदेशनं धरलं ते बरोबर छातीखाली हात घालून. पाव्हनं बघायलेत. राजनंदिनी बघायलीय.

"बाबा, तुम्हालाही येतं?"

बागायतदार लाल झाला हो!  म्हनला, "घोड्यावर बांधलेला असायचो ना, तेव्हा शिकलो." आन कोकरू पोरीच्या कवळ्यात दिलं.

मग आला म्यानेजर. टाय लावलेला, घामाघूम. "हे काय चाललंय? आत घ्या त्यांना! आत घ्या!" चार गडी काठ्या घेऊन धावले, तर मेंढरं हालतील तर शपत! आबांच्या भवती फतकल मारून बसली, निवांत रवंथ. एका गड्यानं रोझीची फीत वढली, रोझीनं त्याला ढुशी दिली. म्यानेजर पाच मिंटांत नरमला, "आजोबा, तुम्हीच न्या बुवा यांना आत. मालक यायची वेळ झालीय. पाया पडतो."

आबा म्हनलं, "चला." मला सांगा, ताठपना करायचा तो मानसाशी, मेंढराशी करतंय का कोन? पोतं खांद्यावर टाकलं, हाळी दिली, आन निघालं गेटाकडं, मागं चौदा मेंढरं. आन गेटात उभा कोन? जोतीराम! टोपी गेल्याली, पाठीला धूळ, शर्टावर लेंड्या, पन उभा! हात आडवा! "तिकीट."

म्यानेजर वराडला, "अरे सोड त्यांना!"

"न्हाय साहेब. परवा मालकाच्या मेव्हन्याला बिगर तिकिटाचा सोडला न्हाय, तवा तुमीच माजी पाठ थोपटली. तवा नियम हुता, आन आज न्हाय?" आता बोला!  तुमाला सांगतो, आबांना त्या घडीला जोतीराम आवडला. धूळ खाल्ली पन हटला न्हाय! पन हटनार आबाबी न्हवतं. दोघं समोरासमोर, मधी मेंढरं, भवती दोनशे मानसं आन पोरं.

आबांनी इचारलं, "मेंढरांना तिकीट हाय का?"

जोतीरामानं पाटीकडं बघितलं. वरपासनं खालपर्यंत वाचली. "न्हाय."

"मेंढरं कशी आत घेतूस?"

"मोजून घेतो."

"मग मला त्यांच्यातच मोज."

आन आबांनी पोतं खाली ठिवलं, मुंडासं काढून काखंत धरलं, मान खाली घातली, रोझीच्या पाठीवर हात ठिवला, आन चालायला लागलं. जोतीराम इचारात पडला. पाटी वाचली. आबांकडं बघितलं. मग खिशातला पेन्शीलचा तुकडा काढला आन मोजायला लागला, मोठ्यानं, "एक... दोन... तीन..." मेंढरं आत चालल्यात, पोरं टाळ्या वाजवत्यात, "बारा... तेरा... चौदा..." आन आबा आलं, वाकलेलं, पांढरं डोस्कं, हात लोकरीत. जोतीराम थांबला आन म्हनला, "पंधरा." आन गेट लावून घेतलं. जिकलं की आबा! तिकीट न काढता आत! मेंढराला हात लावून आत!

वाडग्यात आबा खाली बसलं, रोझीचं खूर मांडीवर घेतलं, म्यानेजरकडं चाकू मागितला, आन छाटायला लागलं. संजीवनी, ठमाबाई, संदेश, सगळी भवती. ऊन उतरलेलं. राजनंदिनी कोकरू घेऊन म्होरं येऊन उभी ऱ्हायली. आबांनी मान वर न करताच इचारलं, मन घट्ट करून इचारलं, "मग बाळा? आता पटलं का? आजोबा खोटं बोलतो व्हय?"

"हो," पोरगी म्हनली.

आबांच्या हातातला चाकू थांबला. "आता आन काय खोटं?"

"तुमच्याकडं तीनशे नव्हत्या." पोरीनं कोकराच्या डोक्यावरनं हात फिरवला. "तीनशे एक होत्या. तुम्ही स्वतःला मोजलंच नाही."

संदेश तोंड फिरवून हसला. संजीवनीनं पदर तोंडाला लावला. आन ठमाबाई, जी दिवसभरात चार शब्द धड बोलली न्हवती, ती म्हनली, "बघा. पोरीला एका दिसात कळलं. मला कळायला दुसरं बाळंतपन उजाडावं लागलं."

 आबा गेटवाल्याशी भांडलं, म्यानेजरला नमवलं, दोनशे मानसांपुढं शबूद राखला, पन नात आन बायको एका बाजूला झाल्यावर? आबांनी रोझीचं दुसरं खूर मांडीवर घेतलं आन म्हनलं, "व्हय बाळा. मोजायचं ऱ्हाऊनच गेलं."